आठ वॉटचं जग

वॉटसाहेबांना घरातून बाहेर पडायला आठ मिनिटं लागत. कुलूप लावायला अर्धं मिनिट आणि उरलेली साडेसात मिनिटं बटणं बंद करायला.

सुरुवात बाल्कनीपासून. मग आतली खोली, मुलींची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर. प्रत्येक बटणावर बोट टेकवून ते ओठातल्या ओठात "बंद" म्हणत. कुठे मुक्कामाला जायचं असेल तर फ्रिज रिकामा करून दारामागचा मुख्य खटकाही खाली ओढत, आणि तेव्हाचं "बंद" जरा मोठ्यानं असे. वीज कंपनीच्या बचत विभागाचे ते प्रमुख होते. शाळाशाळांतून 'रिकाम्या खोलीतला दिवा' या विषयावर व्याख्यानं देत. कचेरीत आपल्याला वॉटसाहेब म्हणतात हे त्यांना माहीत नाही, असं कचेरीला वाटे. हाताला इतकी सवय झालेली होती की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती. न्हाणीघरातून "अहो, मी आत आहे" असा बायकोचा आवाज आठवड्यातून एकदा तरी येई. त्या आवाजातला राग लग्नानंतर दोन वर्षांत संपला होता. आता ती नुसती माहिती होती.

अशा घरात चोवीस तास चालणारं यंत्र यायचं होतं.

एका संध्याकाळी धाकटी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. वय अकरा, चेहरा वाईट बातमी सांगायला आलेल्या डॉक्टरचा.

"बाबा, आपलं जग एकतीस तारखेला बंद होणार."

"कुठलं जग?"

"माझं नि ताईचं."

हे जग म्हणजे एक खेळ. सगळं चौकोनी ठोकळ्यांचं. डोंगर ठोकळ्यांचे, गायी ठोकळ्यांच्या, सूर्यसुद्धा चौकोनी. त्यात खणायचं आणि बांधायचं, बाकी काही नाही. दोघी बहिणी पाच वर्षं ते बांधत होत्या. ते ज्या कंपनीच्या यंत्रावर ठेवलेलं होतं तिनं आता आवराआवर करायचं ठरवलं होतं.

वॉटसाहेबांनी त्या खेळाकडे आजवर वाकूनही पाहिलं नव्हतं. पण दीड वर्षापूर्वी थोरली शिकायला परदेशी गेली, तेव्हापासून एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. रविवारी तिचा फोन येई. "कशी आहेस?" "बरी. तुम्ही?" "बरे आहोत. जेवलीस?" "हो." मग दोघंही आईला फोन देण्याची वाट पाहत. मात्र आठवड्यात मधेच कधीतरी धाकटी सांगे, ताईला सर्दी झालीय. ताईनं खोली बदलली. ताई परवा रडली, पण आता ठीक आहे.

"हे तुला कधी सांगितलं तिनं?"

"आम्ही खाणीत होतो तेव्हा."

थोरलीच्या सगळ्या बातम्या त्या खाणीतून घरी येत. खाण बंद झाली तर आपल्या वाट्याला "जेवलीस?" आणि "हो" एवढंच उरेल, हे वॉटसाहेबांनी त्या संध्याकाळी मनाशी नीट मांडून पाहिलं.

"ताई म्हणते आपण ते घरीच ठेवू या," धाकटी म्हणाली. "घरी एक सर्व्हर करायचा. म्हणजे एक कॉम्प्युटर, जग सांभाळणारा."

"करू या की," वॉटसाहेब म्हणाले. "रोज किती वेळ चालू ठेवायचा?"

"कायम."

"कायम म्हणजे?"

"बंदच नाही करायचा. ताईची सकाळ म्हणजे आपली दुपार. ती कधीही येते."

वॉटसाहेबांनी खुर्चीचा हात धरला. आई आतून म्हणाली, "पाणी आणू का?"

दुसऱ्याच दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त मुख्याध्यापकांना हे कळलं. मुख्याध्यापकांचा कुठलाही सल्ला बरोबर पस्तीस मिनिटं चाले, कारण आयुष्यभर तास तेवढाच होता. "यंत्रालाही विश्रांती लागते," ते म्हणाले. "दुपारी दोन तास बंद ठेवा. आमच्या वेळी खेळ संपला की मैदान बंद." वॉटसाहेबांनी त्यांना परदेशातली वेळ समजावून सांगितली. मुख्याध्यापकांनी ती फळ्यावर समजावून दिली पाहिजे असं सुचवलं आणि पृथ्वीच्या परिवलनाकडे वळले.

तिसऱ्या दिवशी मामा आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. एखादी गोष्ट ज्याला लागेल त्याच्याकडे ती न विचारता आणून टाकायची, हा त्याचा स्वभाव. त्याच्या कचेरीत जुनी यंत्रं मोडीत निघत होती. त्यातलं एक त्यानं दोन माणसांच्या खांद्यावरून चौथ्या मजल्यावर चढवलं.

"भावोजी, हा खरा सर्व्हर. दोन प्रोसेसर, आठ पंखे. सहाशे माणसं बसायची यावर."

"आमच्या दोघीच बसणार आहेत."

"मग ऐसपैस बसू द्या."

मामानं स्वतःच्या हातानं धाकटीचं जग कंपनीकडून उतरवून त्यात भरलं आणि बटण दाबलं. आठही पंखे एकदम फिरले. बाल्कनीतली कबुतरं उडाली. आई काहीतरी बोलताना दिसली, पण ऐकू आलं नाही. तळमजल्यावरच्या बाईंनी वर येऊन पीठ दळायचं सुरू केलंत का, असं विचारलं, आणि त्या क्षणापासून त्या यंत्राचं नाव गिरणी पडलं.

ही गिरणी किती वीज पिते हे मोजल्याशिवाय तिला नाही म्हणणं वॉटसाहेबांच्या तत्त्वात बसत नव्हतं. मोजण्याचं यंत्र कचेरीच्या भांडारात होतं. परंतु कर्मचाऱ्यांनी मापक यंत्र घरी नेऊ नये असा नियम होता, आणि तो तीन वर्षांपूर्वी वॉटसाहेबांनीच केला होता. अपवाद एकच, बचत विभाग प्रमुखांची लेखी शिफारस. वॉटसाहेबांनी रीतसर अर्ज केला. अर्ज आवक टेबलावरून फिरत चौथ्या दिवशी वॉटसाहेबांच्या टेबलावर आला. त्यांनी तो काळजीपूर्वक वाचला. जागेचा नकाशा जोडलेला नव्हता. त्यांनी तो त्रुटी दाखवून परत पाठवला.

"तुम्ही तुमचाच अर्ज परत पाठवलात?" आईनं विचारलं.

"नकाशा नव्हता."

"तुम्हाला घर कुठे आहे ते माहीत नाही?"

"मला माहीत आहे. विभाग प्रमुखांना कसं माहीत असणार?"

आई भाजी निवडायला लागली.

नकाशासह अर्ज आला, तेव्हा भांडारपालानं विचारलं की चाचणीच्या यंत्राचा प्रकार काय लिहू. छापील रकान्यात पंप, पंखा, मोटार आणि इतर एवढेच पर्याय होते. 'इतर' लिहिलं की तपशील जोडावा लागे. वॉटसाहेबांनी तपशील लिहिला, 'दोन मुलींचं जग'. मग तो खोडून 'संगणक' असं केलं. खाडाखोड झाली म्हणून पुन्हा नवा अर्ज. अकराव्या दिवशी मापक घरी आलं. गिरणी काही न करता, नुसती जागी राहायला, एकशे शहात्तर वॉट घेत होती.

"बंद," वॉटसाहेब म्हणाले. गिरणी बाल्कनीत गेली. तिच्यावर जुनी चादर आली आणि चादरीवर वाळत घातलेले टॉवेल. ती परत घेऊन जाण्याविषयी मामाला तीन स्मरणपत्रं गेली. मामा "येतोच" म्हणाला.

मग ते दुसऱ्या टोकाला गेले, कारण सज्जन माणसं दुसऱ्या टोकाला फार सहज जातात. पत्त्याएवढं एक कार्ड त्यांनी आणलं. त्यावरचा प्रोसेसर नखाएवढा, खर्च तीन वॉट. वॉटसाहेबांना ते मापक बंद करवेना, इतका तो आकडा देखणा होता. संध्याकाळी धाकटी खेळायला बसली आणि दहा मिनिटांत बाहेर आली.

"बाबा, गायी मागे चालतायत."

"मागे?"

"पुढे दोन पावलं, मग एकदम मागे. दार उघडलं की उघडत नाही. मग आपण आत गेल्यावर उघडतं. ताई विहिरीत पडली."

"लागलं का तिला?" वॉटसाहेबांनी विचारलं. नंतर त्यांना हे आपण का विचारलं याचं बराच वेळ आश्चर्य वाटत राहिलं.

नऊ दिवस उरले. वॉटसाहेबांनी सुट्टी काढली आणि कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन बसले. दुकानदारानं काचेच्या पेटीतला, आतून निळा-जांभळा उजळणारा कॉम्प्युटर दाखवला. "सोळा कोअर, साहेब. उडतो."

"उडू नये. बसून राहावा."

"बसून?"

"या खेळाचं बहुतेक काम एकच कोअर करतो असं मी वाचलं. ट्रंक एक आणि जिना अरुंद, तिथे सोळा हमाल नेमून काय करू? एकच द्या, पण दमदार. आणि दिवसातले वीस तास त्याला काही काम नसेल. त्या वेळात तो किती पितो?"

दुकानदारानं खोका फिरवून पाहिला. "इथं पासष्ट वॉट लिहिलंय."

"ते काम करतानाचं झालं. मी त्याची झोप विचारतोय."

दुकानदारानं खोका खाली ठेवला. "साहेब, बावीस वर्षं या खुर्चीत बसतोय. प्रोसेसर पळतो किती हे सगळे विचारतात. झोपतो कसा हे विचारणारे तुम्ही पहिले."

वॉटसाहेबांनी ही स्तुती समजून मान खाली घातली. मग सहा दिवस ते रोज जात राहिले. एकेका प्रोसेसरला मापक लावायचं, अर्धा तास झोपू द्यायचं, मग उठवायचं आणि किती लवकर जागा होतो ते पाहायचं. काही नुसते डुलक्या घेत. काही झोपत छान, पण उठताना अंथरुणासकट उठत. दुकानात येणारी गिऱ्हाइकं आवाज बारीक करून बोलू लागली. शेवटी लॅपटॉपसाठी बनवलेला एक प्रोसेसर सापडला. पुस्तकाएवढ्या पेटीत बसलेला, झोपेत आठ वॉट, दोन्ही मुली खेळत असताना एकोणीस. गायी सरळ चालल्या. दार उघडताच उघडलं. दुकानदारानं वॉटसाहेबांशी हात मिळवला, आणि तो त्यांना निरोप देताना खरोखरच हलका झालेला दिसला.

पेटी घरी आली तेव्हा तीन दिवस उरले होते. आता आठ वॉट म्हणजे बैठकीतल्या सात वॉटच्या दिव्यापेक्षा एक जास्त. वॉटसाहेबांना तो एक बोचू लागला. त्यांनी पॅसेजमधला दिवा कायमचा काढून टाकला, म्हणजे घर एकंदर तिथल्या तिथे राहिलं. त्या अंधारात मुख्याध्यापक चपलांच्या कपाटावर आपटले आणि त्यांचा त्या दिवशीचा तास दहा मिनिटांत सुटला, हा फायदा वेगळा. पेटीत आणखी एक डिस्क बसवलेली होती, जगाची रोज नक्कल ठेवायला. तिला दीड वॉट लागत. वॉटसाहेबांनी ती काढून दुकानदाराला परत केली. कंपनीकडून जगाची ताजी प्रत ज्या पेनड्राइव्हवर उतरवून आणली होती, तो त्यांनी पुसून त्यावर आपलं 'रिकाम्या खोलीतला दिवा' घातलं. एक वस्तू दोनदा ठेवणं म्हणजे उधळपट्टी, असं त्यांनी धाकटीला समजावलं. तिनं मान हलवली. अकराव्या वर्षी वडिलांवर विश्वास असतो.

एकतीस तारखेला कंपनीचं दुकान बंद झालं आणि दोघींचं जग त्या पुस्तकाएवढ्या पेटीत, टीव्हीच्या बाजूला, एवढासा हिरवा दिवा लावून चालू राहिलं. वॉटसाहेब येताजाता तिच्यावर हात ठेवत. किंचित कोमट लागे.

"झोपलाय," ते आईला सांगत. पूर्वी मुली लहान असताना सांगत त्याच आवाजात.

चार दिवसांनी आईच्या मावशीकडे एका मुक्कामाला जायचं ठरलं. फ्रिज रिकामा झाला. बॅगा दाराशी आल्या. बाल्कनी, बंद. आतली खोली, बंद. स्वयंपाकघर, बंद. आई आणि धाकटी जिना उतरल्या. वॉटसाहेबांनी दारामागच्या खटक्यावर हात ठेवला, समाधानानं घरभर नजर फिरवली आणि तो खाली ओढला.

"बंद."

एसटी गावाबाहेर पडली तेव्हा धाकटीच्या हातातल्या आईच्या फोनवर थोरलीचा निरोप आला. *आत्ता काय झालं? मी आत होते.*

धाकटीनं तो वाचला. बाबांकडे पाहिलं. बाबांनी आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग हळूहळू आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

पुढच्या थांब्यावर ते तिघं उतरले. मावशीला काय सांगायचं ते आईनं सांगितलं. घरी येऊन खटका वर केला, पेटी जागी झाली, हिरवा दिवा लागला. पण जग उघडेना. थोरली काहीतरी बांधत असताना, पेटी ते लिहून घेत असतानाच वीज गेली होती, आणि अर्धं लिहिलेलं पान फाटावं तसं सगळं फाटलं होतं. धाकटी तीनदा प्रयत्न करून उठली आणि आपल्या खोलीत गेली. दार लावलं नाही. लावलं असतं तर बरं, असं वॉटसाहेबांना वाटलं.

दुकानदार फोनवर म्हणाला, "नकलेची डिस्क आहे ना, तिच्यातून घ्या." मग त्याला आठवलं ती कुठे आहे. "अरेरे," तो म्हणाला, आणि पलीकडे खोके हलवल्याचा आवाज आला. "ती पुसून विकली, साहेब."

थोरलीला फोन वॉटसाहेबांनी स्वतः लावला. आईनं पुढे केलेला हात त्यांनी मागे सारला.

"मी बंद केलं," ते म्हणाले.

"माहीत आहे, बाबा."

"सवयीनं."

"तेही माहीत आहे." मग ती म्हणाली, "मी इथे खोलीतून निघताना बटणावर बोट ठेवून 'बंद' म्हणते. शेजारची मुलगी विचारते, कुणाशी बोलतेस."

"मग तू काय सांगतेस?"

"सांगते, घरी."

वॉटसाहेबांनी फोन आईकडे दिला नाही. "काय बांधत होतीस?" त्यांनी विचारलं.

"ते नाही सांगणार. तुमच्यासाठी होतं."

आई इतका वेळ बाल्कनीच्या दारात उभी होती. टॉवेल काढून घड्या घालत ती म्हणाली, "त्या गिरणीत नव्हतं का घातलं मामानं एकदा?"

धाकटी दारात येऊन उभी राहिली.

चादर निघाली. गिरणीला मामानं न्यायला हवं होतं, पण तो "येतोच" म्हणत राहिला होता, आणि त्याबद्दल लिहिलेलं चौथं स्मरणपत्र वॉटसाहेबांच्या खिशात तयार होतं. ते त्यांनी फाडलं. मग एकशे शहात्तर वॉटच्या त्या यंत्राचं बटण त्यांनी स्वतःच्या बोटानं दाबलं आणि ओठातल्या ओठात, आयुष्यात पहिल्यांदाच, "चालू" म्हणाले.

कबुतरं उडाली. तळमजल्यावरच्या बाई जिना चढू लागल्या. मुख्याध्यापक कानात बोटं घालून आले, चपलांच्या कपाटावर पुन्हा आपटले, आणि धाकटीचा चेहरा पाहून काही न बोलता उभे राहिले. पडद्यावर एक चौकोनी डोंगर आला. मग विहीर. मग गाय. गाय पुढे चालत होती.

सव्वीस दिवस गेले होते, बाकी सगळं होतं. धाकटीनं मोजून सांगितलं, एक पूल, दोन शेतं आणि ताईचं ते गुपित. मुख्याध्यापकांनी मान डोलावली. "एका सत्राच्या मानानं काहीच नाही," ते म्हणाले. हा त्यांचा सर्वांत छोटा सल्ला होता.

जग पुन्हा पुस्तकाएवढ्या पेटीत आलं. शेजारी नकलेची नवी डिस्क बसली. पेटीचा खर्च आता साडेनऊ वॉटवर गेला आणि वॉटसाहेबांनी कुठलाही दिवा काढला नाही. उलट पॅसेजमधला परत लावला. तळमजल्यावरच्या वीजमिस्त्रीकडून त्यांनी पेटीसाठी मुख्य खटक्याच्या आधीच वेगळी तार ओढून घेतली, म्हणजे हातानं काही केलं तरी हाताला ते जमू नये. त्या कामाचा अर्ज कचेरीत रीतसर केला. नकाशा जोडला.

तीन आठवड्यांनी एका रविवारी दुपारी धाकटीनं त्यांना खुर्चीवर बसवलं. "आज तुम्ही यायचं. ताई वाट बघतेय."

वॉटसाहेब प्रथम बराच वेळ आकाशाकडेच पाहत चालले, कारण मान खाली कशी करायची ते कळेना. मग झाडात अडकले. मग एका गायीला सॉरी म्हणाले. शेवटी पडद्यावर दोन ठोकळ्यांच्या मुली त्यांच्या दोन्ही बाजूंना आल्या आणि त्यांना एका घराकडे घेऊन गेल्या.

ते त्यांचंच घर होतं. बाल्कनी, त्यातली चादर घातलेली गिरणी, मुलींची खोली, न्हाणीघर, चपलांचं कपाटसुद्धा. प्रत्येक खोलीत दिवे, आणि सगळे लागलेले. वॉटसाहेब खोलीखोलीतून फिरले. त्यांचं बोट की-बोर्डवर अस्वस्थ झालेलं आईनं पाहिलं.

"रिकाम्या खोल्या आहेत," ते पुटपुटले.

"बाबा, दारामागे बघा," स्पीकरमधून थोरलीचा आवाज आला. "तुमच्यासाठी मी पुन्हा केलं."

दारामागे एक खटका होता. वॉटसाहेबांनी तो खाली ओढला. सगळं घर एकदम काळोखात गेलं. बाल्कनी, आतली खोली, स्वयंपाकघर, सगळं एका दमात, नीट. असं काम त्यांनी कुठल्याच मिस्त्रीकडून कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सवयीनं श्वास सोडला.

मग त्या काळोखात, अगदी जवळून, "अहो बाबा, मी आत आहे" असा आवाज आला. बरोबर आईच्या सुरात.

धाकटी हसत हसत खुर्चीमागे खाली बसली. आईनं पदर तोंडाला लावला. वॉटसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी तो खटका पुन्हा वर केला, दिवे लागले, आणि उजेडात थोरलीचा चौकोनी चेहरा त्यांच्याकडे पाहत होता.

"राहू दे चालू," ते म्हणाले. आणि खुर्ची पुढे ओढून विचारलं, "आता सांग. ती खाण कुठे आहे?"